स्पॅनिश ‘नादा’ : जन्माला आलेली गोष्ट ‘काही नाही’ कशी झाली?

मुळाक्षर

स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस हमखास अडखळतो ते वाक्य म्हणजे ‘नो तेंगो नादा’. ‘नो’ म्हणजे नाही, ‘तेंगो’ म्हणजे माझ्याकडे आहे, आणि ‘नादा’ म्हणजे शब्दकोशानुसार ‘काही नाही’. मग दोनदा ‘नाही’ कशाला? दोन नकारांचा होकार होतो असं शाळेत आपल्याला बजावलेलं असतं. इथे तर दोन्ही नकार एकाच वाक्यात सुखाने नांदतात. शिकवणारे बहुधा ‘स्पॅनिशमध्ये असंच असतं’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळतात. असंच का असतं याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे, आणि ते इतकं मजेदार आहे की धागा काढल्यावाचून राहवेना.

‘नादा’ मुळात नकार नाहीच! लॅटिनमध्ये ‘रेस नाता’ असा प्रयोग होता. ‘रेस’ म्हणजे वस्तू, बाब. ‘नाता’ म्हणजे जन्मलेली. जन्माला आलेली गोष्ट, म्हणजे या जगात जे काही आहे त्यातलं कोणतंही. बोलताना नकाराला जोर आणायचा तर ‘जन्मलेली म्हणून कुठली वस्तू माझ्यापाशी नाही’ अशा धर्तीवर बोलत. पुढे ‘रेस’ गळून पडला, ‘नाता’ उरला, दोन स्वरांमधला त मऊ होऊन त्याचा द झाला. झाला ‘नादा’. हा त-द बदल स्पॅनिशमध्ये सर्रास दिसतो. लॅटिन ‘वीता’चं ‘वीदा’ (आयुष्य), ‘मोनेता’चं ‘मोनेदा’ (नाणं), ‘कातेना’चं ‘कादेना’ (साखळी).

म्हणजे ‘नो तेंगो नादा’मध्ये नकार एकच होता, तो ‘नो’. ‘नादा’ची जागा आपल्या ‘काही’ची होती. ‘माझ्याकडे काही नाही’ या वाक्यातल्या ‘काही’ला आपण नकार म्हणत नाही. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! शतकानुशतकं ‘नो’च्या शेजारी राहून ‘नादा’लाही नकाराचा गुण लागला, आणि मग तो एकटाही नकार देऊ लागला. ‘काय आणलंस?’ ‘नादा.’ आज तर क्रियापदाच्या आधी आला की ‘नो’ची गरजच नसते. ‘नादा तेंगो’ म्हटलं की पुरे.

जुना अर्थ पुरता मेला मात्र नाही. ‘आंतेस के नादा’ हा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग घ्या. अर्थ ‘सगळ्यात आधी’, शब्दशः ‘काहीही होण्याआधी’. इथे ‘नादा’ म्हणजे ‘काही नाही’ असं धरलं तर वाक्याला अर्थच उरत नाही. किंवा ‘आस विस्तो नादा इग्वाल?’, म्हणजे असलं काही पाहिलंयस का कधी? इथेही तो ‘काही’च.

‘कोणी नाही’ या अर्थाचा ‘नादिए’ हाही त्याच घरातला. त्याच्या मागे ‘नाती’, म्हणजे जन्मलेले (पुरुष). एल सिद या मध्ययुगीन स्पॅनिश वीरावरच्या महाकाव्यात हा शब्द ‘नादी’ असा येतो. राजा आल्फोन्सोची मर्जी फिरल्यावर सिद बुर्गोस शहरात येतो, तर राजाचं पत्र त्याच्या आधीच पोचलेलं असतं, की याला ‘नादी’ने आसरा देऊ नये. त्या काव्याच्या हस्तलिखिताच्या शेवटी १२०७ साल निघतं, म्हणजे तोवर हा शब्द या अर्थाने चांगलाच रुळलेला होता.

आता यातली खरी गंमत. ‘रेस नाता’ या जोडीची रोमन साम्राज्याच्या वारसांमध्ये भाऊबंदकीसारखी वाटणी झाली. स्पेन आणि पोर्तुगालच्या वाट्याला ‘नाता’ आला, त्याचा ‘नादा’ झाला. फ्रान्सने ‘रेस’ ठेवून घेतला, त्याच्या ‘रेम’ या रूपाचं ‘रियँ’ झालं. बार्सिलोनाकडची काताला भाषा तर अजून ‘रेस’च म्हणते. एकाने ‘वस्तू’ घेतली, दुसऱ्याने ‘जन्मलेली’ घेतली, आणि दोघांच्याही हाती शेवटी शून्य!

खारेदाणे

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका. लॅटिनमध्ये ‘काही नाही’ला ‘निहिल’ असा खणखणीत शब्द असताना लोकांनी हा द्राविडी प्राणायाम का केला?

मुळाक्षर

@खारेदाणे, छान प्रश्न. ‘निहिल’ बोलण्यात झिजत झिजत ‘नील’ झाला होता. एवढ्याशा शब्दाला वजन कुठून येणार? मग लोक जोरदार काहीतरी शोधतात. आणि ‘निहिल’चीही जन्मकथा तीच आहे. ‘ने’ (नाही) अधिक ‘हीलुम’. हीलुम म्हणजे अगदी क्षुल्लक, य:कश्चित वस्तू. घेवड्याच्या दाण्याला चिकटलेला तो ठिपका, असं फेस्तुस नावाच्या रोमन कोशकाराने त्याचं स्पष्टीकरण दिलंय. म्हणजे ‘ठिपकाभरही नाही’चं ‘निहिल’ झालं, ते झिजल्यावर ‘जन्मलेलं काही नाही’ आलं.

रुमानियाने तिसराच मार्ग धरला. त्यांचा ‘निमिक’ हा ‘मीका’पासून, म्हणजे पावाचा चुरा, कण. कणभरही नाही. ‘निहिल’ स्पॅनिशमध्ये उरला तो ‘आनिकिलार’ (नायनाट करणे) अशा पंडिती शब्दांत.

वॉर्ड_नंबर_सात

अरेच्चा! आम्ही ही ‘रेस नाता’ रोज वापरतो की. डॉक्टर औषधापुढे ‘पी. आर. एन.’ लिहितात ना, ते ‘प्रो रे नाता’. दुखलं तर द्या, ताप चढला तर द्या, एरवी नको. शिकताना ‘गरजेनुसार’ एवढंच पाठ केलं होतं. आता कळलं की ‘जशी गोष्ट जन्माला येईल तसं’.

मुळाक्षर

@वॉर्ड_नंबर_सात, अगदी बरोबर. इथे ‘नाता’चा अर्थ ‘उद्भवलेली’. माझ्या यादीत हे उदाहरण नव्हतं, धन्यवाद!

पाणिनीचा_पणतू

लेख चांगला, पण मूळ शोधायला रोमपर्यंत कशाला जायचं? न + दा = नादा. ‘दा’ धातू देणे. जे दिलेलंच नाही ते ‘काही नाही’. सरळ संस्कृत आहे.

मुळाक्षर

@पणतू, कान ओळखीचा ध्वनी पकडतात हे खरं, पण या शब्दातला न नकाराचा नाही. पुरावा खुद्द लॅटिनमध्ये आहे. ‘नाता’चं पुल्लिंगी रूप ‘नातुस’, आणि त्याचं जुनं रूप ‘ग्नातुस’. तो ग प्लाउटसच्या नाटकांत दिसतो, म्हणजे इसवीसनापूर्वी दोनशेच्या आसपास. पुढे सुट्या शब्दातला ग गळला, पण जोडशब्दात टिकला. ‘कोग्नातुस’, म्हणजे एकत्र जन्मलेला, रक्ताचा नातलग. याचंच स्पॅनिशमध्ये झालं ‘कुन्यादो’, अर्थ मेहुणा. रक्ताच्या नात्याचा शब्द बायकोच्या भावाला कसा चिकटला हा वेगळ्या धाग्याचा विषय.

आता संस्कृतशी संबंध हवाच असेल तर तो आहे, आणि तुमच्या ‘न-दा’पेक्षा कितीतरी जवळचा आहे. लॅटिन ‘ग्नातुस’ आणि संस्कृत ‘जात’ (जन् धातू, जन्मलेला) हे एकाच भारत-युरोपीय शब्दाचे दोन वंशज. आई-लेक नव्हेत, बहिणी. नवजात, आत्मज, जनक, जन्म ही सगळी नादाची चुलत-मावस भावंडं. पसायदानातला ‘प्राणिजात’ आठवा. जन्माला आलेलं जे जे जिवंत ते ते सगळं. ‘रेस नाता’ म्हणताना रोमन माणसाच्या मनात हीच व्याप्ती होती. आपण त्या व्याप्तीने ‘सगळे’ म्हटलं, स्पॅनिश लोकांनी तिच्यापुढे ‘नो’ लावून ‘काही नाही’ म्हटलं.

पाणिनीचा_पणतू

‘जात’ पटलं. पण मग त चा द होणं हाही आपल्याच प्राकृताचा नियम आहे, हे लिहा की!

प्राकृतवेल्हाळ

पणतूंच्या या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणजे उसनवारी म्हणून नाही, समांतर म्हणून. दोन स्वरांमध्ये सापडलेला त जगात जागोजागी असाच विरघळतो. शौरसेनी प्राकृतात त चा द होतो, आणि आपली महाराष्ट्री प्राकृत आणखी पुढे जाऊन तो गिळूनच टाकते. शत चं सद, मग सअ. माता, मादा, माआ, शेवटी माय.

लॅटिनच्या लेकींतही हीच चढण दिसते. इटालियनने ‘नाता’ तसाच ठेवला, स्पॅनिशने ‘नादा’ केला, फ्रेंचने त चा मागमूस ठेवला नाही. फ्रेंचमध्ये विवाहित बाईचं माहेरचं आडनाव सांगताना ‘ने’ असं लिहितात ना, ‘जन्माने अमुक’, तो ‘ने’ म्हणजे हाच ‘नाता’. एकाच शब्दाने पॅरिसमध्ये माहेर दाखवायचं आणि माद्रिदमध्ये रिकामे हात!

आणि जाता जाता : संस्कृत ‘जात’चं प्राकृतात ‘जाअ’ झालं, त्याला ‘ल’ लागून जुन्या मराठीत ‘जाला’. तुकोबांच्या गाथेत ‘जाला’, ‘जालें’ असंच वाचायला मिळतं. तोच आजचा ‘झाला’. त्यामुळे मुळाक्षर, तुम्ही लेखात ‘झाला नादा’ असं लिहिलंयत ना, त्यात दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत.

साष्टीकार

आमच्या कोंकणीत अजून ‘जालें’च म्हणतात. ‘जेवण जालें?’ त्याला झ लागला नाही.

पोर्तुगीजमध्येही ‘नादा’च, अर्थ तोच. पण गोंयकारांना त्या कुळातले बाकीचे शब्द जास्त ओळखीचे. वर कुन्यादो आलाय, त्याचा पोर्तुगीज भाऊ ‘कुन्यादु’. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत मेहुण्याला ‘कुन्याद’ म्हणतात तो तिथूनच. आणि सगळ्यांत मोठा शब्द तर तुम्ही मंडळी विसरलातच : नाताळ! पोर्तुगीज ‘नाताल’, लॅटिन ‘नातालिस’, जन्मासंबंधीचा (दिवस). मराठीत शाळेला नाताळची सुट्टी लागते, तेव्हा ‘रेस नाता’मधला ‘नाता’ तिथे जवळपास जसाच्या तसा उभा असतो, त सकट.

टवाळ_बोका

मग राफेल नदाल?

साष्टीकार

@बोका, चेष्टेत विचारलंत, पण उत्तर खरंच हो आहे. तो मायोर्का बेटावरच्या मानाकोरचा. तिथली भाषा काताला, आणि काताला भाषेत ‘नादाल’ म्हणजे नाताळ. तिकडे ते आडनाव म्हणून चालतं. स्पॅनिशमध्ये नाताळला ‘नाविदाद’ म्हणतात, तोही जन्माचाच शब्द.

टवाळ_बोका

चौदा वेळा फ्रेंच ओपन जिंकणारा माणूस आपला राफा नाताळे. टेनिसच्या धाग्यावर आता हेच नाव चालवणार.

मोडी_वळण

उशिरा आलो. जन्मलेल्यांच्या या मेळाव्यात एक पाहुणा राहिलाय. फारसी ‘ज़ादा’. शहाजादा, पीरजादा, आणि रागावल्यावरचा तो दुसरा जादा. अर्थ ‘-पासून जन्मलेला’. जुन्या इराणी भाषेत ‘ज़ाता’ होता, म्हणजे संस्कृत ‘जात’चा सख्खा भाऊ. तिथेही दोन स्वरांमधल्या त चा द झाला. तेव्हा ‘नादा’ आणि ‘ज़ादा’ हे मुळात एकच शब्द, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता एकच वळण घेतलं. बखरी वाचताना ‘शहाजादा अकबर’ (औरंगजेबाचा मुलगा, संभाजीराजांकडे आलेला) भेटतो तेव्हा यापुढे मला स्पेन आठवणार.

टवाळ_बोका

म्हणजे गणपतीत एस.टी.च्या ‘जादा गाड्या’ सोडतात त्या...? अनुभवाने सांगतो, स्टँडवर उभं राहिलं की ‘नादा’च असतात.

मोडी_वळण

@बोका, तो जादा वेगळा. अरबी ‘ज़ियादा’पासून, अर्थ अधिक. आडनाव सारखं, गोत्र निराळं.

पेणच्या_काकू

मला लॅटिन डोंबल कळत नाही, पण धागा मन लावून वाचला.

एक विचारू का? ‘काही’ कितीही वर्षं ‘नाही’शेजारी बसला तरी आपल्याकडे ‘काही’चा अर्थ ‘काही नाही’ झाला नाही. ‘काय आणलंस?’ याला ‘काही’ एवढंच उत्तर कोणी देत नाही. मग मराठीत तो पवळ्याचा गुण लागतच नाही का?

मुळाक्षर

काकू, तुमच्या पहिल्याच वाक्यात उत्तर आहे! ‘डोंबल कळत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. पण आपण ‘डोंबल कळतंय तुला!’ असंही म्हणतो की. तिथे ‘नाही’ कुठेच नाही, तरी अर्थ पुरेपूर नकाराचा. ‘कप्पाळ समजणार त्याला’ हेही तसंच. म्हणजे नकार ‘नाही’कडून ‘डोंबल’कडे सरकला. ‘नादा’चं हेच झालं. फरक एवढाच की आपल्याकडे हे रागाच्या आणि थट्टेच्या भाषेत घडतं, तिथे ते साध्या सभ्य व्याकरणात शिरलं.

टवाळ_बोका

सध्याचं उदाहरण द्यायचं तर ‘घंटा’. आधी ‘घंटा काही कळत नाही’, आता ‘घंटा कळतंय’, आणि कॉलेजात तर नुसतंच ‘घंटा!’. तिन्ही पायऱ्या एकाच पिढीत.

पेणच्या_काकू

बोक्या, तो शब्द इथे नको. डोंबल पुरे.

प्राकृतवेल्हाळ

शब्द नको असला तरी बोक्याची पायरीवार मांडणी अचूक आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने १९१७ साली नकाराचा हाच प्रवास मांडला. आधी एकटा नकार असतो. तो अशक्त वाटला की जोराला दुसरा शब्द येतो. मग तो दुसराच खरा नकार होऊन बसतो आणि पहिला गळतो. १९७९मध्ये ऑस्टेन दाल याने त्याला ‘येस्पर्सनचं चक्र’ असं नाव दिलं.

फ्रेंचमध्ये हे चक्र डोळ्यांदेखत फिरतंय. ‘पा’ म्हणजे पाऊल. मुळात ‘मी एक पाऊलही चालत नाही’ अशा वाक्यांत तो आला असावा हे उघड आहे, पण नंतर कुठल्याही क्रियापदाला चिकटला. पुस्तकी फ्रेंचमध्ये ‘ने’ (हा नकाराचा, वरचा माहेरचा नव्हे) आणि ‘पा’ दोन्ही हवेत. बोलताना लोक ‘ने’ टाकून देतात आणि ‘झ से पा’ म्हणतात. ‘मला माहीत नाही’, शब्दशः ‘मला माहीत पाऊल’.

मात्र मुळाक्षर, एका बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे. ‘डोंबल कळतंय’ हे ‘नादा’सारखं कितपत आहे? तिथे उपरोधाचा सूर लागतो. सूर काढून सपाट आवाजात ते वाक्य म्हणा, नकार उभाच राहत नाही. ‘नादा’ला सूर लागत नाही. मराठीतला ‘नाही’ भलता चिवट आहे. मुळीच, अजिबात, कदापि, काडीचंही, तसूभरही : जोराला कितीही आणा, शेवटी ‘नाही’ हवाच.

मुळाक्षर

सुराचा मुद्दा मान्य. पण ‘नादा’च्या सुरुवातीच्या काळात तिथेही सूर असेलच की. त्या काळचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, कागद तेवढा पोचतो.

माद्रिदवाली

इथे राहून रोज कानावर पडतो म्हणून लिहिते. पुस्तकातला ‘नादा’ आणि रस्त्यावरचा ‘नादा’ यांत फरक आहे. एक तर तो द फार हलका असतो, जीभ दातांना जेमतेम लागते. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात आणि कॅरिबियन देशांत तर तो गळतोच : ‘ना’. म्हणजे प्राकृतवेल्हाळ म्हणतात ती महाराष्ट्रीची पायरी तिथे गाठली गेलीय. ‘नादिए’चं खेड्यांत ‘नाइदे’ होतं, शिकलेले लोक त्याला नाकं मुरडतात.

दुसरं म्हणजे ‘पुएस नादा’. फोन ठेवायचा असला, गप्पा आटोपायच्या असल्या की हे म्हणतात. अर्थ शून्य. आपण ‘बरं मग’ म्हणतो ना, तसं. ‘पुएस नादा’ म्हणून झाल्यावर माझी शेजारीण अर्धा तास सहज बोलते.

आणि इथला एक जुना विनोद. ‘उस्तेद नो नादा नादा?’ ‘एस के नो त्राहे त्राहे.’ म्हणजे, ‘तुम्ही अजिबात पोहत नाही का हो?’ ‘अहो, मी पोहायचा पोशाखच आणला नाही.’ ‘नादा’ म्हणजे ‘पोहतो’ही, आणि ‘त्राहे’ म्हणजे ‘आणला’ही आणि ‘पोशाख’ही. हा पोहण्याचा ‘नादा’ही त्या जन्माच्याच मुळाचा का?

मुळाक्षर

नाही, तो परका. पोहण्याच्या ‘नादार’चं लॅटिन मूळ ‘नातारे’. त चा द होऊन दोघं एकाच चेहऱ्याचे झाले इतकंच. पण त्यालाही आपल्याकडे नातलग आहे. ‘नातारे’चं मूळ आणि संस्कृत ‘स्ना’ धातू एकच. म्हणजे स्नान आणि आपलं न्हाणं. तेव्हा तुमच्या विनोदातल्या ‘नादा नादा’मध्ये पहिला शब्द न्हाण्याचा आणि दुसरा जन्माचा.

खारेदाणे

दोन प्रश्न उरले. ‘ग्रासियास’ला (धन्यवादला) उत्तर म्हणून ‘दे नादा’ म्हणतात, ते ‘त्यात काय एवढं’ या अर्थाने का? आणि स्पॅनिशमधले बाकीचे नकारही असे बाहेरून आलेलेच आहेत, की कोणी अस्सल आहे?

माद्रिदवाली

पहिल्याचं उत्तर मी देते. हो, ‘आभार मानण्याजोगं काही नाही’ असा भाव. काही जण ‘नो आय दे के’ म्हणतात, अर्थ तोच.

मुळाक्षर

दुसऱ्याचं : अस्सल आहेत. ‘नुंका’ (कधीच नाही) हा लॅटिन ‘नुंक्वाम’, जन्मापासून नकारच. ‘निंगुनो’ (एकही नाही) हा ‘नेक ऊनुस’, ‘एकही नाही’च. उलट ‘हामास’ पाहा. अर्थ ‘कधीच नाही’, ‘नुंका’पेक्षाही कडक. मूळ मात्र ‘याम मागिस’, म्हणजे ‘आता, आणखी’. त्यात नकाराचा थेंबही नाही. प्रश्नात तो अजून जुन्याच अर्थाने येतो. ‘आस ओइदो हामास कोसा सेमेहांते?’, असलं कधी ऐकलंयस? आणि दोघांना एकत्र आणून ‘नुंका हामास’ म्हणतात तेव्हा अस्सल आणि मागून आलेला एकमेकांना चिकटून उभे असतात. त्यांच्या जोडीला ‘नादा’ असेल तर तिघे : ‘नुंका हामास दिहो नादा’, त्याने कधी म्हणजे कधीच काही म्हटलं नाही.